कोंड्याच्या वड्या

मोबाइलच्या पडद्यावर नात बोलत होती आणि तिच्या खांद्यामागं म्हैस खात होती. सासरच्या त्या घरात रेंज फक्त गोठ्याच्या दारात यायची, म्हणून प्रियू तिथं येऊन उभी राहायची; एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातावर बाळ. ‘‘आजी, बघ, तुझा आवाज ऐकून हसतोय,’’ ती म्हणाली आणि बाळाचं काळंभोर जावळ पडदाभर झालं. विजयमालाबाई बाळाला काहीतरी बोबडं बोलणार इतक्यात तिकडचा हात हलला, चित्र तिरकं झालं, आणि त्यांना म्हशीपुढचं घमेलं दिसलं. भुशावर तपकिरी चौकोनी तुकडे पडले होते. एका अंगाला पांढरे तीळ. एका तुकड्याला खालचा लोणीकागद तसाच चिकटलेला, आणि म्हैस तो जिभेनं बाजूला सारून शांतपणे चघळत होती. मग चित्र सरळ झालं. प्रियू हसत होती. ‘‘जेवलीस का आजी?’’ तिनं विचारलं. ‘‘जेवले,’’ विजयमालाबाई म्हणाल्या. खरं तर त्या जेवल्या नव्हत्या.

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिल्या. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या पाळ्या इतक्या तापतात याचंच त्यांना नवल वाटलं. ती उष्णता त्यांच्या ओळखीची होती, पण फार दिवसांत आली नव्हती. तीळ त्यांनी स्वतः तळहातानं दाबले होते. एकाच बाजूनं, म्हणजे दिसायला बरं दिसतं. वडी पडली असेल गोठ्यात एखादी, फुटली असेल, पोरासोरांनी टाकली असेल. पण ती एखादी नव्हती. घमेल्यात थर होता. आणि प्रियूला आपल्या पाठीमागं काय दिसतंय हे ठाऊक नव्हतं, ही गोष्ट त्यांना सगळ्यात लागली. ठाऊक असतं तर ती गोठ्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली असती. इतर दिवशी घमेलं कधी दिसलं नव्हतं; म्हणजे ती रोजच जपत होती. आज तेवढी चुकली. विजयमालाबाईंनी उठून धुतलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. संध्याकाळी सून मंगल, प्रियूची आई, शाळेतून आली, चहा घेता घेता म्हणाली, ‘‘आत्या, प्रियूचा फोन आला होता का? काय म्हणत्यात तिकडची?’’ त्या म्हणाल्या, ‘‘काय म्हणणार? बाळ हसतंय.’’

त्या वड्यांचं खूळ बाळाच्या जन्मापासूनचं. पहिलटकरीण म्हणून प्रियू साताऱ्याला आली ती अंगानं चांगलीच सुटून आली होती, आणि बाळंतपणानंतर तर आरशासमोर उभी राहायची नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तूप-डिंकाचा मारा नको, चोथा असलेलं खाऊ दे, पोट साफ राहील. पोटाचं ते दुखणं प्रियू आईला सांगायला लाजायची. आजीला सांगितलं, तेही बाळाचे लंगोट वाळत घालताना, दुसरीकडं बघत. विजयमालाबाईंना तिची ती लाज कळली, कारण त्यांचं स्वतःचं पोटही कैक वर्षं तसंच होतं आणि त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मग दोघींनी मिळून मोबाइलवर बघून त्या वड्या करायला घेतल्या. प्रियू त्यांना ‘बार’ म्हणायची. पहिल्या खेपेला मोबाइलमध्ये होतं तसंच केलं. गुळाचा पाक, वर लोण्याचा गोळा. चांगल्या झाल्या, पण प्रियू म्हणाली, ‘‘आजी, ही चिक्कीच झाली की. यात हलकं काय आहे?’’ तेव्हापासून विजयमालाबाईंना जिद्द चढली. गूळ निम्मा केला, तर वडी पडेना; ताटात नुसता भुगा. गुळाच्या जागी खजूर वाफवून घातला, तर दाताला चिकटायला लागलं. तूप काढून शेंगदाण्याचं कूट घातलं. कुटालाच तेल सुटतं. जवस भिजत घातले की बुळबुळीत होतात हे त्यांना माहीत होतं, लहानपणी रानात जवसाचा लगदा करून बायका केस बसवायच्या. तो लगदा घातला आणि वडी धरायला लागली. ज्वारीच्या लाह्या हातानं चुरल्या, म्हणजे हाताला जड लागत नाही. आणि कोंडा. गिरणीतून गव्हाचं पीठ जाड दळून आणायचं, चाळायचं, आणि चाळणीतला कोंडा जो इतकी वर्षं गल्लीतल्या गाईवालीला जायचा तो लोखंडी तव्यावर मंद भाजायचा. भाजताना त्याचा जो वास सुटायचा तो त्यांना आवडायचा. का आवडतो हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. मंगलला भिशीत मिळालेला ओव्हन वर्षभर माळ्यावर पडून होता, तो खाली आला. प्रियूचं पोट सुधारलं, चेहऱ्यावरची सूज उतरली, ती पुन्हा आरशासमोर जायला लागली. ‘‘आजी, तू दुकान काढ,’’ ती म्हणायची. कॉलनीतल्या दोघीतिघी कृती विचारून गेल्या. विजयमालाबाईंनी आयुष्यात नावाजण्यासारखं काही केलं नव्हतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. फौजेतल्या नवऱ्याच्या, सुभेदारांच्या मागं चार छावण्या फिरल्या, परत आल्या, मुलांचं केलं, नवऱ्याचं शेवटचं केलं. आता या वयात कोंड्याचा मांडा करून दाखवला, आणि लोक बोटं चाटत होते.

म्हणून बुत्तीच्या वेळी डोकं फिरलं. बाळंतीण सासरी परत निघते तेव्हा माहेराहून तिच्याबरोबर बुत्ती जाते. पूर्वी वेताची टोपली असायची, आता स्टीलचे डबे असतात, पण नाव तेच राहिलंय. लाडू, करंज्या, वर खण-नारळ. आणि ती बुत्ती घरात खायला नसते. ती वाटायला असते. सासरची माणसं भावकीत घरोघर दोन दोन लाडू देत फिरतात, ‘सूनबाईच्या म्हायेरचं हाय’ म्हणतात, आणि घरोघर तो लाडू फोडून बघितला जातो. डिंक किती, खोबरं किती, तूप बोटाला लागतं का. त्यावर पोरीचं वजन ठरतं. हे विजयमालाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. तरी प्रियू म्हणाली, ‘‘आजी, लाडू कोण खातंय आता? तिकडं घरटी एकाला शुगर आहे. तुझे बारच दे, सगळ्यांना आवडतील,’’ आणि त्यांना ते खरं वाटलं. मंगलनं सकाळी शाळेला जाताना चपला घालता घालता सांगितलं होतं, ‘‘आत्या, थोडं का होईना, लाडू असू द्यात वरनं. खेड्यातली माणसं आहेत.’’ त्यावर त्या काय म्हणाल्या होत्या? ‘‘खेड्यातली म्हणून काय अडाणी आहेत होय गं?’’ म्हणाल्या होत्या. आणि तीन डबे त्या वड्यांनी भरले होते, थरांमध्ये लोणीकागद घालून. त्या वाक्याचा स्वर आता त्यांना ऐकू येत होता. आढ्यतेचा स्वर. आपण बुत्ती प्रियूसाठी नव्हे, स्वतःला दाखवण्यासाठी भरत होतो, हे त्यांना स्टुलावर बसल्या बसल्या इतकं उघड दिसलं की त्यांनी डोळे मिटले.

पुढचे दोन दिवस त्यांनी डिंकाचे लाडू केले. डिंक तुपात फुलवताना तडतडून हातावर उडत होता. खारीक, खोबरं, खसखस, बदाम, वर जायफळ. जराही हात आखडला नाही. मंगलनं विचारलं तर म्हणाल्या, ‘‘जाऊन येते म्हटलं बाळाला बघून.’’ ‘‘रविवारी सगळेच जाऊ की गाडीनं.’’ ‘‘नको. मी एस्टीनं जाते. अर्ध्या तिकिटात तर बसवतात.’’ मंगल त्यांच्याकडं जरा वेळ बघत राहिली, पण ती कमी बोलणारी होती, आणि सासूनं न सांगितलेलं विचारायचं नाही ही रीत तिनं आल्यापासून पाळली होती. त्याबद्दल विजयमालाबाईंना तिचे उपकार वाटत, आणि थोडा रागही येई.

इस्लामपूरच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर लाडवांचा डबा, कापडी पिशवीत. हमरस्ता खणून ठेवलेला, गाडी दर थोड्या वेळानं कडेच्या मातीच्या रस्त्यावर उतरायची आणि डबा मांडीत आदळायचा. उंब्रजच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एकामागं एक, पाचट लोंबत, आणि हवेत कारखान्याचा तो आंबूस गोड वास. हा सगळा मुलूख त्यांच्या सासरचा. माहेर तिकडं पूर्वेला, म्हसवडच्या पलीकडं, जिथं उसाचं कांडं बघायला मिळायचं ते जत्रेत. लग्न होऊन आल्या तेव्हा उसाला पाणी देताना दारं धरून पाटाचं पाणी पायावर घेऊन त्या उगाच उभ्या राहायच्या, तेव्हा जावा हसायच्या, ‘‘पानी बघाय आलीया व्हय गं ही?’’ मग बहात्तरचा दुष्काळ. माहेरची सगळी माणसं खडी फोडायला गेलेली. थोरला पोटात असताना बाळंतपणाला माहेरी न्यायची सोय नव्हती, तिथं प्यायला पाणी नव्हतं. म्हणून त्या सासरीच बाळंत झाल्या. आणि तरीही एक दिवस वडील, हरिबा, टोपली डोक्यावर घेऊन दारात उभे राहिले. पटका मळका, तळव्यांना भेगा, पण टोपलीवर नवं कोरं फडकं, चारी बाजूंनी शिवलेलं. आई रंगूबाईनं रीत मोडू दिली नव्हती. सासूबाई साळूबाईंनी टोपली उतरवून घेतली, पाहुण्याला पाय धुवायला पाणी दिलं, आणि टोपली आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं. विजयमालाबाई बाजेवर पडून होत्या. फटीतून दिसत होतं. फडकं उसवलं. वरचा एक थर गव्हाच्या लाडवांचा, पोरीच्या मुठीएवढ्या. त्याखाली सगळे काळपट, खरबरीत, रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या कोंड्याचे, काकवीवर कसेबसे वळलेले. साळूबाई त्या टोपलीपुढं नुसत्या बसल्या. मग त्यांनी फडताळ उघडलं, स्वतः केलेले रव्याचे लाडू काढले, टोपलीत वर रचले, आणि दुसऱ्या दिवशी भावकीत वाटून आल्या. बायका येऊन सांगून गेल्या, ‘‘तुझ्या म्हायेरचं लाडू लय ग्वाड गं. दुस्काळात बी हात सैल हाय तुझ्या आयचा.’’ विजयमालाबाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. आणि ते कोंड्याचे लाडू? ते साळूबाईंनी खाल्ले. सकाळी चुलीपुढं पाठमोऱ्या बसून, चहात बुडवून, रोज एक. ना कुणाला दिले, ना जनावराला घातले.

याबद्दल त्या घरात कधी कुणी एक शब्द बोललं नाही. सासू-सुनेची भांडणं काय कमी झाली? पाण्यावरून, पोरांवरून, नवऱ्याच्या पत्रावरून. दर भांडणात विजयमालाबाईंना वाटायचं, आता येणार. आता म्हातारी म्हणणार, ‘कोंड्यावर वाढलेली तू.’ अंग आवळून त्या ते वाक्य झेलायला उभ्या राहायच्या आणि ते यायचं नाही. साळूबाई गेल्या तेव्हाही, शेवटच्या दुपारी, पाणी पाजताना त्यांना वाटलं होतं की आता बोलतील. बोलल्या नाहीत. एखाद्यानं आपली अब्रू झाकली की त्याच्यासमोर आपण कायमचे उघडे राहतो, हे त्या घरात त्या एकट्याच शिकल्या. म्हणूनच असेल, आज कुणी झाकायच्या आत आपणच लाडू घेऊन निघालो, असं त्यांना वाटलं. आणि लगेच वाटलं, आधीच उशीर झालाय. म्हशीनं खाल्लंय.

पेठ नाक्यावर उतरून पुढं वडापची जीप मिळाली. घराच्या दारात राजेश्वरीबाई, प्रियूच्या सासूबाई, तूर पाखडत होत्या. विजयमालाबाईंना बघून सूप तसंच टाकून त्या लगबगीनं उठल्या, आणि अगदी जवळ येऊन, तोंडासमोर तोंड आणून मोठ्यानं म्हणाल्या, ‘‘आजी! मी राजेश्वरी. प्रियदर्शनीची सासू. वळखलं का?’’

‘‘अगं बाई, ओळखायला काय झालं? आणि ऐकू येतं मला चांगलं.’’

‘‘येतं की, येतं की,’’ राजेश्वरीबाई म्हणाल्या, लहान पोराला म्हणावं तसं. त्यांनी डबा घेतला, मग खांद्याची पर्स अलगद काढून घेतली, ‘‘ही मी ठेवते हां कपाटात, न्हाईतर कुठं तरी ऱ्हाईल.’’ दंडाला धरून उंबरा ओलांडून दिला. ‘‘एकट्या कशा आलासा? मंगलताईंनी सोडलं कसं वो?’’ पाण्याचा तांब्या हातात न देता तोंडाजवळ धरला, आणि विजयमालाबाई दुसऱ्याच्या हातनं पाणी प्यायल्या. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं. राजेश्वरीबाईंनी स्वतःच्या पदरानं पुसलं. त्या पुसण्यात कुत्सितपणा असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

प्रियू आतल्या खोलीत बाळाला पाजत होती. आजीला दारात बघून तिचा चेहरा फुलला नाही. ‘‘तू का आलीस?’’ ती हळूच म्हणाली. मग पटकन, ‘‘म्हणजे, एकटी कशाला आलीस आजी? सांगायचं तरी.’’

‘‘लाडू आणलेत. डिंकाचे. वाटायला.’’ विजयमालाबाई कॉटवर टेकल्या. ‘‘प्रियू, वड्या म्हशीला घातल्या ना गं?’’

प्रियूनं मान खाली घातली. बाळाच्या टोपीची नाडी ती बोटाला गुंडाळत राहिली. मग बोलायला लागली ती थांबेनाच, कुजबुजत, दाराकडं बघत. वाटायला निघाल्यावर पहिलंच घर शेजारच्या राहीबाईंचं. त्यांनी चावा घेतला आणि सगळ्यांदेखत अंगणात थुंकल्या. ‘सातारकराकडचा गूळ सपला वाटतं. कोंडा हो कोंडा! म्हसरं समजल्यात का आमास्नी?’ बायका हसल्या. पुढं कुणाच्या दारात जायची सोयच राहिली नाही. मम्मींचं, म्हणजे सासूबाईंचं, तोंड एवढंसं झालं. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, असं कसं गं पाठवलं तुझ्या आईनं? ‘‘मी काय सांगणार होते आजी? मीच मागितलं म्हणून? माझं पोट, माझं वजन, हे सगळं? तोंडातून निघून गेलं.’’

‘‘काय निघून गेलं?’’

‘‘की आजीला आता समजत नाही. विसरते. आई शाळेत होती, आजीनं काहीतरी भरून दिलं, तिला माहीतच नाही काय भरलं ते.’’ प्रियूच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. ‘‘मम्मींच्या आई पण तशाच होत्या ना शेवटी. मम्मी एकदम रडायलाच लागल्या. म्हणाल्या, मग बिचारीचा काय दोष. भावकीत पण सांगितलं त्यांनी. तेव्हापासून माझ्याशी किती चांगलं वागतात म्हणून सांगू. नवरा म्हणावा तर रिशी तिकडं सीमेवर, मला इथं दुसरं कोण आहे? आणि आता तू अशी... एकटी... ठणठणीत...’’

ठणठणीत. आपण ठणठणीत आहोत हाच आता गुन्हा झाला होता. विजयमालाबाईंना राग यायला हवा होता. त्यांनी तो आत शोधला, सापडला नाही. सापडलं ते वेगळंच: त्या दिवशी त्या बायका हसल्या तेव्हा प्रियूच्या कानाच्या पाळ्या कशा तापल्या असतील ते. आणि त्या तापल्या त्या आपल्या हातच्या वड्यांनी. ‘‘बाळाला टोपी नीट घाल,’’ त्या म्हणाल्या, ‘‘कान उघडे आहेत.’’

बाहेर बायका जमल्या होत्या. सातारची आजी आली ही बातमी गल्लीत पोचायला किती वेळ लागतो? सोप्यात सतरंजी अंथरली होती. राजेश्वरीबाईंनी विजयमालाबाईंना भिंतीशी बसवलं, पाठीला उशी दिली. लाडवांचा डबा मधे होता, उघडा. तुपाचा आणि जायफळाचा वास सोपाभर. ‘‘मंगलताईंनी केलं असणार,’’ राजेश्वरीबाई सगळ्यांना सांगत होत्या. ‘‘नोकरी करून एवढं सगळं! आजीची चूक ध्यानात आली असंल, म्हणून लगीच पाठवलं.’’ विजयमालाबाईंच्या मनगटावर डिंक उडून पडलेला चट्टा होता. त्यांनी तो पदराखाली घेतला.

राहीबाई समोरच बसल्या होत्या, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. बारीक, काटक, विजयमालाबाईंच्याच वयाच्या. डोळ्यांत पाल माशीकडं बघते तसं बघणं. ‘‘मला तर म्हातारी लय शानी दिसतीया,’’ त्या म्हणाल्या. ‘‘साताऱ्यापासनं एकटी आली. पेठला गाडी बदलली. डबा सांडला न्हाई का पिशवी इसरली न्हाई. आन् म्हनं समजत न्हाई. काय गं सूनबाई?’’

कुणीतरी हसायला गेलं आणि थांबलं. राजेश्वरीबाई प्रियूकडं बघायला लागल्या. शंका यायच्या आधी माणसाच्या चेहऱ्यावर जे कोरेपण येतं तसं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. प्रियू आतल्या दारात बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती, आणि बाळाची पाठ थोपटणारा तिचा हात थांबला होता.

‘‘आवं आजी,’’ राहीबाई पुढं सरकल्या, ‘‘त्या वड्यांत कोंडा कुनी घालाय सांगितला तुमास्नी? बोला की. घाबरू नका.’’

उत्तर अगदी सोपं होतं. खरं होतं. कोंडा कसा भाजायचा, जवस किती वेळ भिजत घालायचे, गूळ काढल्यावर वडी कशी धरते, हे सगळं त्या हिशेबानं सांगू शकल्या असत्या; सोप्यातल्या बायका तोंडात बोट घालून ऐकत राहिल्या असत्या. महिनाभर त्यांना या घरातल्या कुणीतरी हेच विचारावं असं वाटत होतं. विजयमालाबाईंनी राहीबाईंकडं बघितलं, मग राजेश्वरीबाईंकडं, मग दाराकडं. प्रियूकडं त्या बघत राहिल्या. तिच्या हनुवटीवर सुभेदारांची खळी होती. त्यांनी चेहरा सैल सोडला. ओठ जरा उघडे राहू दिले, नवऱ्याचे शेवटच्या महिन्यांत राहायचे तसे.

‘‘ही पोर कुणाची गं?’’ त्यांनी राजेश्वरीबाईंना विचारलं. ‘‘चांगली हाय. बाळ कुणाचं घेतलंय तिनं?’’

कुणीतरी ‘आई गं’ म्हणालं. प्रियू भिंतीला टेकली. विजयमालाबाई तिच्याकडं बघत होत्या, आणि त्यांना भीती वाटली ती याची की हे किती सहज जमलं. शब्द तोंडातून गेले आणि क्षणभर खरंच ती पोर अनोळखी दिसली; कुणाची तरी, परक्या घरातली, आपल्याला घाबरलेली. मग ती पुन्हा प्रियू झाली. राजेश्वरीबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. ‘‘तुमचीच नात हाय आजी, तुमचीच. प्रियदर्शनी.’’ ‘‘व्हय?’’ विजयमालाबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत जी बोली साताऱ्याच्या कॉलनीत त्यांनी ओठांवर येऊ दिली नव्हती, ती आपोआप आली. ‘‘न्हाई बा. माझी नात लय बारकी हाय.’’

राहीबाई मागं सरकल्या. त्यांची नजर खाली गेली. ‘‘माझ्या थोरल्या जाऊचं बी असंच झालं हुतं,’’ त्या पुटपुटल्या, आणि डब्यातला एक लाडू उचलून, फोडून, त्याचा बारीक तुकडा त्यांनी विजयमालाबाईंच्या तोंडाशी धरला. ‘‘खावा आजी. तुमच्याच घरचा हाय.’’ विजयमालाबाईंनी तोंड उघडलं. जायफळ थोडं जास्त झालं होतं.

मग सगळ्या उठल्या. लाडू वाटायला जायचं होतं, ऊन उतरायच्या आत. राजेश्वरीबाईंनी ताटावर नवा रुमाल टाकला. ‘‘तू बी चल गं प्रियदर्शनी, तुझ्या म्हायेरचं हाय, तुझ्या हातनं दे. बाळाला घे. आजी बसतील हितं.’’ आणि हळू आवाजात, ‘‘दाराला कडी घाल भायेरनं. रस्त्यावर गेल्या कुठं तर मंगलताईंना काय तोंड दाखवायचं? माझी आई अशीच गेली हुती, दोन दिस सापडली न्हाई.’’

प्रियू मागं राहिली. उंबऱ्याच्या बाहेर उभी, एक हात दारावर. ती आजीकडं बघेना. तिचे ओठ हलले, पण बायका अंगणातच उभ्या होत्या, ताट धरून, तिची वाट बघत. विजयमालाबाईंनी हो म्हणून मान हलवली. इतकी थोडी की कुणाला दिसली नसती. दार आलं. कडी लागताना वाजली नाही. प्रियूनं ती धरून, सावकाश, पार बसेपर्यंत हातानं टेकवली असणार.

सोप्यात तुपाचा वास राहिला होता. विजयमालाबाई उशीला टेकून तशाच बसून राहिल्या, कुणी बघत नव्हतं तरी ओठ जरासे उघडे ठेवून. बाहेर पहिलं दार वाजलं. ‘‘घ्या वो, सूनबाईच्या म्हायेरचं,’’ राजेश्वरीबाईंचा आवाज. मग लाडू फोडल्याएवढी शांतता. मग कुणीतरी काहीतरी बोललं, आणि बायका हसल्या, मोकळ्या, आणि त्या हसण्यात प्रियूचंही हसू होतं. ते पुढच्या दाराला गेलं, त्याच्या पुढच्या दाराला गेलं. गल्लीच्या वळणाशी पोचेपर्यंत प्रियूचं हसू सगळ्यांत मोठं झालं होतं.